रामदास बोटीवरचा आपला माणूस : घरातल्या आठवणी आणि कागद कसे जपावेत

१७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट पाऊण तासाच्या आत काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. गटारी अमावास्या गावी करायची म्हणून निघालेले गिरण्यांतले कामगार, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, मासळीचे पैसे कनवटीला लावून घरी चाललेले कोळी असे कितीतरी लोक बोटीवर होते. निरनिराळ्या वृत्तांतांत मृतांचा आकडा सहाशे ते सातशे यांच्या दरम्यान दिलेला आढळतो. त्यानंतर चारच आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला आणि या दुर्घटनेची बातमी मागे पडली. अलिबाग, पेण, मुरूड या पट्ट्यातल्या घरांत मात्र ती राहिली. कुठे एका फोटोच्या रूपाने, कुठे एका वाक्याच्या रूपाने आणि कुठे निव्वळ न बोलण्याच्या रूपाने.

त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या आसपास आहे, त्यामुळे ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये. पुढे सांगितलेली पद्धत रामदासपुरती लिहिली असली, तरी तिच्या मुळाशी एकच आग्रह आहे. घरातली आठवण आणि सरकारदरबारचा किंवा छापील कागद या दोन गोष्टी दोन वेगळ्या वह्यांत लिहाव्यात आणि शेवटपर्यंत त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. बहुतेक घरगुती इतिहास बिघडतात ते माहिती कमी असल्यामुळे नव्हे. आजीने सांगितलेले आणि वर्तमानपत्रात वाचलेले कोणीतरी एकाच परिच्छेदात शिवून टाकते, आणि पुढच्या पिढीला त्यातला धागा कोणता आणि ठिगळ कोणते हे कळत नाही.

आधी बोट कोणती ते ठरवा

‘आमचे पणजोबा बोटीत गेले’ एवढे वाक्य घरात असते, पण बोट कोणती हे पुष्कळदा कोणी विचारलेलेच नसते. याच किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्याही आधी, ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे येणारी ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. तीन पिढ्यांच्या अंतराने ही सगळी नावे एकमेकांत मिसळतात, आणि रामदास सर्वांत जास्त ओळखीची असल्यामुळे इतर बोटींवरची माणसेही तिच्याच खात्यावर जमा होतात.

ओळखायची सोपी खूण ऋतूची आहे. माणसाला साल आठवत नाही, पण पाऊस आठवतो. आठवणीत मुसळधार पाऊस, लावणीचे दिवस, गटारी असेल तर १९४७ धरावे. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला होता असे कोणी सांगत असेल तर १९२७कडे वळावे. त्यानंतर घरातल्या माणसांची वये मांडून पाहावीत. गेलेल्या माणसाचे सर्वांत धाकटे अपत्य केव्हा जन्मले, त्याचा शाळेचा दाखला काय सांगतो, विधवा झालेल्या बाईचे वय तेव्हा किती होते, या तीन प्रश्नांनी बहुतेक गोंधळ सुटतो.

तिथीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. घरातले श्राद्ध कोणत्या तिथीला होते हा उत्तम पुरावा आहे, कारण कागद हरवला तरी तिथी हरवत नाही. तिथी मात्र दिवसाच्या मध्येच बदलते, आणि १७ जुलै हा आषाढातली चतुर्दशी व अमावास्या यांच्या सांध्यावरचा दिवस होता. त्यामुळे एका घरात चतुर्दशीला आणि दुसऱ्या घरात अमावास्येला श्राद्ध होत असेल, तर त्यापैकी कोणाचेही चुकले असे मानू नये. त्या वर्षी अमावास्येनंतर अधिक श्रावण लागला होता. ‘अधिकाच्या आदल्या दिवसांत’ असे एखादी आजी म्हणाली, तर ती नेमके बोलते आहे असे समजावे.

वडीलधाऱ्यांशी बोलणे

या कामातला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत सहज बिघडणारा भाग आहे, म्हणून यावर घाई करू नये. पहिल्या भेटीत फोन किंवा ध्वनिमुद्रक काढूच नये. काय करायचे आहे ते सांगावे, पुढे हे कोणकोण ऐकेल ते सांगावे, आणि मधेच थांबावेसे वाटले तर थांबता येईल हेही स्पष्ट करावे. दुसऱ्या भेटीत ध्वनिमुद्रण करावे. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव आणि जन्मसाल मोठ्याने नोंदवून घ्यावे. पंखा बंद ठेवावा. पंख्याच्या घरघरीत नव्वदीतल्या आवाजातले निम्मे शब्द बुडतात.

पहिला प्रश्न बुडण्याचा नसावा. ‘आप्पा, तुमचे वडील मुंबईत कुठे राहायचे? जेवायचे कुठे? गावी किती वेळा यायचे? येताना काय आणायचे?’ अशी सुरुवात करावी. याला सौजन्याखेरीज आणखीही एक कारण आहे. अपघातात गेलेल्या माणसाचे सारे आयुष्य त्या एका सकाळीत आकसून जाते, आणि तो चांगला पोहत असे, भजनात मृदंग वाजवत असे, भावाशी बांधावरून भांडत असे, हे सारे पुसले जाते. मृत्यूपूर्वीची पस्तीस वर्षे लिहून झाल्याशिवाय मृत्यूचा दिवस लिहायला घेऊ नये.

मग त्या दिवसाकडे यावे, तेही घराच्या बाजूने. बातमी कोणी आणली? दिवस होता की रात्र? त्या वेळी घरात काय चालले होते? कोण रेवसला धावले, कोण मुंबईला गेले? मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी लोकांना वाचवले असे सांगितले जाते, तेव्हा घरातल्या कोणाला कोणत्या गावच्या होडीने काठाला आणले? माणूस सापडला की नाही, आणि सापडला तर कशावरून ओळखला? धोतराचा काठ, गोंदण, अंगठी, कोटाच्या खिशातली तपकिरीची डबी अशा बारीक गोष्टी इथे निघतात, आणि त्या जशाच्या तशा लिहून ठेवाव्यात.

ज्यांचा देह मिळाला नाही त्यांच्या घरी काय केले, हा प्रश्न हळुवारपणे पण नक्की विचारावा. कोणी पळसाच्या पानांची आकृती करून पालाशविधी केला असेल, कोणी देहाविना जनाज्याची नमाज पढली असेल, कोणी काहीच न करता वर्षानुवर्षे वाट पाहिली असेल. एखाद्या बाईने कुंकू कधी उतरवले, उतरवले की नाही, त्यावरून घरात काय झाले, या गोष्टी कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत. त्या सांगायच्या की नाही हे मात्र सांगणाऱ्याने ठरवावे. ‘एवढे राहू दे बाळा’ असे म्हटले की विषय तिथेच सोडावा आणि वहीत ‘येथे थांबल्या’ एवढीच नोंद करावी.

सांगणाऱ्याला दुरुस्त करू नये. आजी म्हणाली की बोट संध्याकाळी बुडाली, तर ‘नाही आजी, सकाळी’ असे म्हणायची फार इच्छा होते, पण ती दाबावी. बातमी मुंबईलासुद्धा संध्याकाळीच पोहोचली होती. तिच्या घरी दुःख संध्याकाळी आले, आणि ती त्याची वेळ सांगते आहे. दुरुस्ती केली असती तर हे कळलेच नसते.

ध्वनिमुद्रण उतरवून घेताना बोली बदलू नये. आगरी, कोळी, कोकणी मुसलमानी किंवा नागावच्या वाडीतली बोली प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिली की माणूस निघून जातो आणि निवेदन उरते. पहिल्या वहीत प्रत्येक वाक्यापुढे समासात एक खूण करावी : ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेले, ‘ऐ’ म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेले, ‘ता’ म्हणजे ताडलेले. ‘ऐ’ असेल तर कोणाकडून, हेही विचारून ठेवावे.

ट्रंकेतले कागद

चाकरमान्याच्या घरात कागद कमी असतात, पण अगदी नसतात असे नाही. मनीऑर्डरचे कूपन, ज्याच्या कोपऱ्यात चार ओळींचे पत्र लिहिलेले असते, युद्धकाळातले रेशनकार्ड, गिरणीचा पास, स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो, वाण्याच्या उधारीची वही, जन्मपत्रिका. मुंबईत गावकीच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचे नाव ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वहीत असण्याची चांगली शक्यता असते. अपघातानंतरची कुटुंबाला केलेल्या मदतीची नोंदही त्याच वहीत सापडू शकते, म्हणून मंडळाच्या जुन्या चिटणिसांच्या घरी एकदा जाऊन यावे.

कागद मिळाला की पहिले काम म्हणजे तो होता तसा ठेवणे. लॅमिनेशन करू नये; उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा बिघडतो, आणि लॅमिनेशन काढता येत नाही. सेलोटेप लावू नये. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल सावकाश काढाव्यात, ओढू नयेत. घडी चिकटली असेल तर जबरदस्तीने उलगडू नये. फोटोच्या मागे बॉलपेनने नाव लिहू नये. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. काच आणि फोटो एकमेकांना चिकटले असतील, आणि किनाऱ्यावरच्या दमट घरांत हे हमखास होते, तर फ्रेम न उघडता काचेवरूनच त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पुढचे काम जाणकारावर सोडावे.

स्कॅन किमान सहाशे डीपीआयला करावे, मागचीपुढची दोन्ही बाजू घ्याव्यात, कोऱ्या वाटणाऱ्या पाठीसुद्धा. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवून नातेवाइकांना पाठवायला जेपेग करावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही मूळ समजू नये, कारण पाठवताना तिचा दर्जा उतरलेला असतो. फाइलच्या नावात साल, व्यक्ती आणि कागदाचा प्रकार लिहावा. ‘जुना फोटो नवीन शेवटचा’ अशा नावांनी पाच वर्षांत काहीच सापडत नाही. मूळ कागद आम्लरहित पाकिटात, लोखंडी ट्रंकेऐवजी जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. पावसाळा संपला की, नवरात्राच्या सुमारास, खोके उघडून कसर आणि वाळवी तपासावी.

सरकारी दप्तर

इथे दुसरी वही सुरू होते. या वहीत नियम एकच : कागदावर जे लिहिले आहे तेच लिहायचे, चूक असली तरी.

मृत्यूची नोंद शोधताना लोक फक्त आपल्या गावात शोधतात. देह ज्या गावच्या किनाऱ्याला लागला तिथे, किंवा मुंबईत नेला असेल तर मुंबईतही, नोंद असू शकते. गावांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तिच्या नकलेसाठी अर्ज करावा. अर्जात एकच तारीख न लिहिता जुलै ते डिसेंबर १९४७ असा काळ लिहावा, कारण उशिरा झालेल्या नोंदी पुष्कळ असतात. आडनावावर विसंबू नये. त्या वह्यांत ‘नामा बाळू’ अशी नाव आणि बापाचे नाव एवढीच नोंद असते, किंवा आडनावाच्या जागी जात असते. आज आडनाव लावणारी तीन घरे तेव्हा एकाच नावाखाली सापडू शकतात.

आज आपण ज्याला रायगड म्हणतो तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग तर १९४७ च्या जुलैत ब्रिटिश हद्दीत नव्हताच. तो जंजिरा संस्थानात होता आणि १९४८ मध्ये विलीन झाला. त्या गावांचे दप्तर संस्थानी पद्धतीचे असल्याने कुलाब्याच्या यादीत नाव नाही म्हणून निराश होऊ नये.

माझ्या मते मृत्यूच्या दाखल्याहून अधिक बोलका कागद म्हणजे फेरफार. माणूस गेल्यावर जमीन वारसांच्या नावावर चढते तेव्हा गाव नमुना सहामध्ये कारण लिहिले जाते, आणि वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये, बायको, मुले, त्यांची वये अशी सगळी मांडणी असते. ज्यांचा देह सापडला नाही त्यांच्या बाबतीत ही नोंद कित्येक वर्षे उशिरा झालेली दिसू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे सात वर्षे ज्याची खबरबात नाही तो मृत आहे असे गृहीत धरता येत असे. म्हणून १९४७ मध्ये काही मिळाले नाही तर १९५४-५५ चे फेरफार जरूर काढावेत. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. बाकीच्यांसाठी नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि संयम लागतो. तलाठ्याकडे रिकाम्या हाताने न जाता जुना सर्व्हे नंबर घेऊन जावे. नुसते ‘आजोबांचे बघा’ म्हटले की कोणीच काही बघत नाही.

जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील. अक्षर लागत नाही म्हणून अंदाजाने वाचू नये. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते, त्यामुळे वाचणारा माणूस मिळतो, आणि घरातल्या एखाद्या तरुणाने तो वर्ग केला तर पुढची सगळी कामे स्वस्त होतात. शाळेचे जनरल रजिस्टरही विसरू नये : वडील गेल्यावर मुलाचे नाव शाळेतून कमी झाले असेल, तर तारीख आणि कारण तिथे असते.

वर्तमानपत्रे आणि बोटीचे कागद

बातमी १७ तारखेच्या संध्याकाळी मुंबईत आल्यामुळे शोध १८ जुलैपासून सुरू करावा आणि किमान १५ ऑगस्टपर्यंत न्यावा. वाचलेल्यांची आणि बेपत्ता असलेल्यांची नावे एकाच दिवशी येत नाहीत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार ही पहिली तीन ठिकाणे. मराठीत केसरी, नवाकाळ, गुजरातीत मुंबई समाचार, इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडिया आणि फ्री प्रेस जर्नल हे सगळे तेव्हा निघत होते. अलिबागकडचे पाहायचे तर नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या कृषीवलचे अंक कुठे मिळतात ते विचारावे. इंग्रजी यादीत कोकणी आडनावांची वाताहत झालेली असते, म्हणून नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान आणि स्तंभ लिहिल्याशिवाय ते खोक्यात टाकू नये. आणि कोणी १९४७ चे लोकसत्तेचे कात्रण म्हणून काही दाखवले, तर ते नंतरच्या स्मृतिलेखाचे आहे असे समजावे, कारण लोकसत्ता १९४८ मध्ये सुरू झाले.

बोटीविषयी फार वेळ घालवू नये; तिच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. ती १९३६ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान हंटर यांच्या गोदीत बांधली गेली होती आणि लोक जिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत त्या सहकारी कंपनीच्या ताफ्यात होती. ज्यांना आराखडेच पाहायचे असतील त्यांनी न्यूकॅसल येथील टाइन अँड वेअर अभिलेखागाराकडे विचारणा करावी.

दोन वह्या समोरासमोर

आता दोन्ही वह्या उघडून डाव्या पानावर आठवण आणि उजव्या पानावर कागद असे मांडावे. जिथे जुळते तिथे काही लिहायची गरज नाही. जिथे जुळत नाही तिथे दोन्ही तसेच ठेवून खाली आपले मत वेगळ्या शाईने, तारीख घालून लिहावे. समजा, घरात सांगतात की आजोबांनी दोघांना वाचवले आणि मग ते बुडाले, आणि कागदात याचा मागमूस नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही आणि खरेही ठरत नाही. ‘ही गोष्ट आत्याबाईंनी सांगितली, त्यांनी ती त्यांच्या आईकडून ऐकली, छापील आधार मिळाला नाही’ एवढे लिहिले की आत्याबाईंचा मान राहतो आणि वाचणाऱ्याचीही फसवणूक होत नाही.

वाचलेल्यांच्या घरांत काम अधिक नाजूक असते. शेजारी बसलेला गेला आणि आपण काठाला लागलो, याचे ओझे अनेकांनी जन्मभर वाहिले. त्यांच्या गप्प राहण्याला नोंदीतली रिकामी जागा समजू नये. कोणाच्या आग्रहामुळे कोण त्या बोटीवर चढले, तिकीट कोणी काढून दिले, असले दोषारोप आठवणीत निघतातच. ते पहिल्या वहीत राहावेत, पण नातेवाइकांत वाटायच्या प्रतीत घालण्यापूर्वी त्या घरच्या माणसांना विचारावे. जमिनीचे गट नंबर, हयात व्यक्तींचे पत्ते आणि देहांची छायाचित्रे वाटायच्या प्रतीतून काढावीत.

सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात : एक घरी, एक दुसऱ्या गावात किंवा परदेशी असलेल्या नातेवाइकाकडे, आणि एक हार्ड डिस्कवर, जी दर दोन-तीन वर्षांनी उघडून पाहायची. छापील प्रत गावच्या वाचनालयाला द्यायची असेल तर सोबत एक पत्र द्यावे, ज्यात काय दिले, कोणी दिले आणि कोणाला पाहता येईल हे लिहिलेले असेल. पत्राशिवाय दिलेली वही दहा वर्षांत रद्दीत जाते. दोन्ही वह्यांत शेवटची वीस-पंचवीस पाने कोरी सोडावीत आणि वही श्राद्धाच्या दिवशी, सगळे जमतात तेव्हा, ओसरीवर उघडी ठेवावी. जेवणे उरकल्यावर कोणीतरी चष्मा लावून ती चाळते आणि ‘हे असे नाही हं’ म्हणते, तेव्हा शिसपेन्सिल हाताशी असावी.